जिमखान्याचं टेबल आणि मागचा ऊस

अण्णासाहेब वकिलांनी मला फसवलं, आणि माझ्यामुळे इमाम मार्कर फसला. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

माझा धंदा बिलियर्डची टेबलं बसवण्याचा. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हे काम करणारा मी एकटाच होतो. या भागात बिलियर्ड कोण खेळतं, असं पुण्याची माणसं मला विचारीत. कालवा आला तसे इंजिनियर आले, ऊस आला तसे गुळाचे व्यापारी आले आणि दोघांच्या भांडणांसाठी वकील आले. हे तिघे संध्याकाळी जिथे एकत्र बसतात तिथे जिमखाना निघतो आणि जिमखान्यात टेबल लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या त्या सात-आठ वर्षांत मी या पट्ट्यात अकरा टेबलं बसवली. त्यांतली दहा हलली नाहीत.

मी पिंपळीचा. वडील सुतार, गावाला नांगर-कुळव करून देत. मी विसाव्या वर्षी पुण्याच्या कॅम्पात बिलियर्ड टेबलांच्या एका कारखान्यात दगडी पाट्या उचलायला लागलो. तिथला फोरमन टेबलावर बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणायची वेळ आली की आम्हाला चहाला बाहेर पाठवी. मी चहा न पिता खिडकीतून बघत असे. नऊ वर्षांत सगळं शिकलो. शिकवलं कोणी नाही, त्यामुळे आभार मानायचा प्रश्न आला नाही.

ज्यांनी हे टेबल जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ पायांचं ते धूड असतं. वरून हिरवी बनात दिसते, पण बनातीखाली दगड असतो. पाटीचा काळा दगड, त्याचे पाच तुकडे शेजारी शेजारी मांडलेले. प्रत्येक तुकडा उचलायला चार माणसं लागतात. दौंडाहून छोट्या आगगाडीनं ते बारामतीला येत आणि तिथून बैलगाडीनं पुढे. गाडीवान ते आडवे टाकायला बघत. पाटी आडवी टाकली आणि गाडी एका दगडावरून गेली की तिचे दोन तुकडे झालेच समजा. ती उभी न्यायची, दोन्ही बाजूंनी उसाचं पाचट कोंबून. यासाठी मी गाडीवानांशी किती भांडलो असेन, सांगता येत नाही.

पाट्या बसल्या की सांधे बुजवायचे, मग पाणसळ लावायची. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा ज्या बाजूला सरकेल ती बाजू चढ. पायांखाली पाचरी मारीत तो मधोमध आणायचा. मग बनात ताणायची. बनातीला लव असते, ती कोणत्या अंगाला झुकते हे हातानं कळतं. शेवटी एक बॉल अगदी हळू सोडायचा. जोरात मारलेला बॉल वाकड्या टेबलावरही सरळ जातो. हळू सोडलेला मात्र लबाडी करीत नाही.

टेबल उत्तम असलं तरी जमीन उत्तम लागते, आणि आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी दिलं की ती फुगते आणि वर जे असेल ते उचलते. या भागात चिरा न गेलेली भिंत शोधून दाखवावी. म्हणून मी फरशीवर टेबल ठेवत नसे. आठही पायांखाली खड्डे घेऊन मुरूम लागेपर्यंत जायचं आणि तिथून दगडी खांब वर आणायचे. दहा टेबलं अशी बसली. अकरावं बसलं नाही.

अकरावं टेबल कालव्याकाठच्या जिमखान्याचं. अण्णासाहेब वकील त्याचे सेक्रेटरी. आडनाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. जिमखान्यामागचा साडेतीन एकर ऊसही त्यांचाच, भिंतीपासून आठ हातांवर.

त्या वर्षी त्यांनी स्नूकरची स्पर्धा काढली. हा बिलियर्डच्याच टेबलावरचा खेळ. पंधरा लाल बॉल, सहा रंगीत आणि काठीनं मारायचा एक पांढरा. लाल जाळीत घालायचा, मग रंगीत, मग पुन्हा लाल. शेवटी एकटा काळा राहतो, त्याचे सात गुण. स्पर्धा साहेब लोकांची नव्हती, मार्करांची होती. मार्कर म्हणजे क्लबात टेबल राखणारा, गुण मांडणारा आणि सभासदांना खेळायला शिकवणारा पगारी माणूस. साहेबाबरोबर खेळताना मार्करनं किती फरकानं हरायचं हे न बोलता ठरलेलं असे. त्यामुळे मार्कर खरा किती खेळतो हे कोणालाच ठाऊक नसे. अण्णासाहेबांनी पुणे, मुंबई, सोलापूर आणि कोल्हापूर इथले चार नावाजलेले मार्कर पत्रं पाठवून बोलावले. ते एकमेकांशी खेळणार, कोणाला खूश करायला नाही. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो.

एका संस्थानचे कारभारीही येणार होते. त्यांच्या महाराजांना राजवाड्यातल्या टेबलासाठी माणूस हवा होता. जो जिंकेल त्याला कायमची नोकरी आणि राहायला घर.

पुण्याचा मार्कर होता इमाम. मी कॅम्पात पाट्या उचलायचो तेव्हापासूनची ओळख. स्पर्धेच्या वर्षी तो पंचेचाळिशीचा होता. त्याच्या क्लबात नवा सेक्रेटरी आला होता आणि त्याला तरुण, इंग्रजी बोलणारा मार्कर पाहिजे होता. इमामला ही नोकरी आणि घर मिळालं नाही तर त्याच्यापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. पत्र आलं तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं, "टेबल तुमी लावनार ना मिस्त्री?" मी म्हटलं, "मीच." "मग मी येतो," म्हणाला.

मी जिमखान्यात जाऊन जागा बघितली. नवीकोरी शहाबादी फरशी, आरशासारखी. अण्णासाहेब मागच्या दारात उभे होते.

मी म्हणालो, "ही फरशी आठ ठिकानी उचकटावी लागंल, साहेब."

"मिस्त्री, या फरशीवर अजून एक पंगतसुद्धा बसलेली नाही."

"पंगत हलली तर कोन बोंबलत न्हाय. टेबल हललं तर बोंबलत्यात."

"फरशीखाली दगडाची भर आहे."

"भर हाय, पन भरीखाली काय हाय? काळी. तिला पानी लागलं की ती भरीला इचारत न्हाय."

"तू मला माझ्या जमिनीबद्दल शिकवतोस?"

"तुमच्या जमिनीबद्दल न्हाय शिकवत. माझ्या टेबलाबद्दल शिकवतोय."

दोन तास चाललं. दोनदा चहा झाला. ते फरशी सोडेनात, मी खड्डे सोडीना. मी हत्यारांची पेटी उचलून दोनदा दारापर्यंत गेलो, दोन्ही वेळा त्यांनी परत बोलावलं. शेवटी मी दुसरी वाट काढली.

"फरशी ऱ्हाऊ द्या. पन मी पाट्या मांडल्यापासून शेवटचा बॉल जाळीत पडंपर्यंत मागच्या उसाला पानी द्यायचं न्हाय. जमीन सुकी हाय तशी ऱ्हायली पायजे."

"मधे माझी पाण्याची पाळी येते."

"ती चुकवा."

"एक पाळी चुकली तर उसाचं काय होतं, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक हाय. म्हनून तर म्हनतोय फरशी उचकटा."

ते हसले. मग मागच्या दारातून उसाकडे बघितलं आणि हात पुढे केला. "बरं. एक पाळी सोडली. दिला शब्द."

आम्ही दोघंच होतो. मला वाटलं मी जिंकलो. मी गाडीवानाशीसुद्धा दोन माणसं उभी करून सौदा करणारा माणूस. पण वकिलाकडून शब्दासाठी साक्षीदार मागायचा म्हणजे त्यांचा अपमान, असं मला त्या दिवशी वाटलं. धंद्यात दुसऱ्या कोणाबद्दल मला असं कधी वाटलं नाही.

टेबल बसवलं. बुडबुडा मधोमध आला. बॉल टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढल्यासारखा गेला. अण्णासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

स्पर्धेला पाच दिवस होते आणि मला इंदापुरात एका देशमुखांचं बोलावणं आलं होतं. या देशमुखांनी टेबल हौसेनं घेतलं होतं, पण त्यांच्या घरात खेळणारं कोणी नव्हतं. दोन वर्षं टेबल झाकून होतं. मग मुलीचं लग्न निघालं आणि आचाऱ्याला बुंदीचे लाडू वळून ठेवायला एवढी मोठी सपाट जागा दुसरी सापडली नाही. मी गेलो तेव्हा बनातीवर तुपाचे गोल गोल डाग, ओळीनं. देशमुख म्हणाले, "मिस्त्री, धुऊन निघंल का हे?" मी म्हटलं, "देशमुख, ही बनात हाय, धोतर न्हाय." बाईसाहेब आतून म्हणाल्या, "लाडू मात्र एकबी फुटला न्हाय हो, जागा लई सपाट." माझ्या कामाची एवढी खरी तारीफ कोणी केली नसेल. बनात बदलायला चार दिवस गेले, शिवाय त्यांनी मला जेवल्याशिवाय एकदाही उठू दिलं नाही.

जाण्या-येण्यासकट स्पर्धेचा पहिला दिवस त्यात निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिमखान्यात पोचलो. आदल्या दिवशी इमामनं सोलापूरच्या मार्करला आणि मुंबईच्या फर्नांडिसनं कोल्हापूरच्याला हरवलं होतं. आता दोघांचा अखेरचा सामना. दिवाणखाना माणसांनी भरला होता. पुढच्या खुर्चीत प्रांतसाहेब आणि शेजारी संस्थानचे कारभारी.

मी सवयीनं पाणसळ काढून टेबलाच्या कडेवर ठेवली. बुडबुडा मागच्या भिंतीकडे सरकला होता. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा. भिंतीकडची बाजू वर आली होती.

मी अण्णासाहेबांना बाजूला घेतलं. "तासभर द्या. पाचरी माराव्या लागत्यात."

"आता? प्रांतसाहेब बसलेत."

"टेबल वर आलंय भिंतीकडनं."

"काल दोन सामने झाले. कोणी काही बोललं नाही. आता एवढ्या लोकांदेखत तू टेबलाखाली शिरणार? अब्रू कोणाची जाईल, मिस्त्री? तुझीच."

त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी पाणसळ उचलून बाजूला झालो.

मागचं दार बंद होतं आणि त्याला टेकून खुर्च्या लावल्या होत्या. वळसा घालून मी मागे जाऊन बघायला हवं होतं. गेलो नाही. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. इमाम माझ्यापासून चार पावलांवर काठीच्या टोकाला खडू लावीत उभा होता. त्याला नुसतं एवढं सांगितलं असतं, की हळू मारलेला बॉल भिंतीपासून दूर ओढला जाईल, तर त्यानं तेवढं धरून मारलं असतं. त्याच्यासारख्याला तेवढं पुरे होतं. पण सांगायचं म्हणजे माझं टेबल ढळलंय हे मी माझ्या तोंडानं कबूल करायचं. मी सांगितलं नाही.

पाच डावांचा सामना. फर्नांडिस जोरात मारणारा. त्याचे बॉल जाळीत आपटून आवाज करीत, लोक टाळ्या पिटीत. त्याला चढ-उताराचा त्रास नव्हता. इमामचा हात मऊ. बॉल नुसता निघे आणि चालत जाऊन जाळीत पडे. ढळलेलं टेबल अशाच माणसाला मारतं. त्याचे दोन सोपे बॉल जाळीच्या तोंडावरून परत आले. तो प्रत्येक वेळी काठीकडे बघे. दोष स्वतःचा, असं त्याला वाटत होतं. तरीही दोन-दोन डाव झाले.

शेवटच्या डावात एकटा काळा राहिला. इमाम चार गुणांनी मागे. काळा पडला की सात मिळून सामना त्याचा. बॉल मागच्या भिंतीकडच्या कडेला, सरळ कोपऱ्याच्या जाळीत जाणारा. जोरात मारला तर पांढराही मागोमाग जाळीत जाण्याची भीती, आणि पांढरा पडला की सगळं संपलं. म्हणून त्यानं हळू मारला. मीही तसाच मारायला सांगितला असता.

काळा निघाला. अर्ध्या वाटेपर्यंत सरळ गेला. मग कडेपासून सुटला, बोटभर आत आला, जाळीच्या ओठाला लागला आणि तिथेच थांबला.

फर्नांडिसनं पुढे होऊन तो टिचकी मारल्यासारखा आत घातला.

इमामनं काठी टेबलावर ठेवली. बनातीवर हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, टेबल ढळलंय."

दिवाणखान्यात कुजबुज सुरू झाली. अण्णासाहेब उठले. कोर्टात उभे राहावेत तसे उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, खेळाडूला दोष देऊ नये. गावच्या सुतारावर विसंबलो, ही आमची चूक झाली."

मी त्यांना काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. हातातली पाणसळ मी त्यांच्या फरशीवर आपटली. तिची काच फुटली. कोणती बाजू किती वर आली हे दाखवणारी वस्तू त्या दिवाणखान्यात तेवढी एकच होती, आणि ती मी माझ्या हातानं फोडली. दोघा शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मी वळसा घालून मागे गेलो. उसात पाणी उभं होतं. भिंतीपर्यंत जमीन ओली, पायाला चिकटणारी. बांधावर तुकातात्या पाटकरी बसले होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीनं सोडणारा सरकारी माणूस.

"तात्या, पानी कवा सोडलं?"

"चौथा दिस हाय. का रं?"

"कुनी सांगितलं?"

"ज्याचा ऊस त्यानं. पाळी त्येंचीच व्हती. मी इचारलं बी, 'साहेब, ही पाळी न्हाय घ्यायची म्हनला व्हता न्हवं?' तर म्हनलं, 'तुकाराम, टेबलाला तहान लागत न्हाय, उसाला लागती. सोड.' सोडलं."

तात्यांना साक्षीला बरोबर घ्यायचं सुचलं नाही, मी तसाच परत फिरलो. शिपायांना ढकलून दारात उभा राहिलो आणि ओरडलो, "ह्येंनी मागं पानी सोडलंय! जमीन फुगली! शब्द दिला व्हता मला!"

प्रांतसाहेबांनी अण्णासाहेबांकडे बघितलं. अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "शेत माझं. पाळी माझी. शेत बाहेर आहे, टेबल घरात आहे. मिस्त्री, तुझं टेबल ऊस खातं काय?"

सगळे हसले. त्यांत निम्मे बागायतदार होते. ज्यांच्या घरांच्या भिंतींना माझा हात जाईल एवढ्या चिरा होत्या, तेही हसले. मी अर्ध्या तासापूर्वी शिव्या दिल्या नसत्या, तर कदाचित एखादा हसला नसता. माझ्या रागानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कोणत्या गिऱ्हाइकानं केलं नाही. नोकरी फर्नांडिसला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामती स्टेशनवर इमाम छोट्या गाडीची वाट बघत बसला होता. मी चहा घेऊन गेलो. पाण्याची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "तुमी काल सकाळी पानसळ लावली व्हती. मी बगितलं. तवा कळलं नव्हतं का?"

मी म्हणालो, "न्हाय. तवा ठीक व्हतं."

"अच्छा," तो म्हणाला. गाडी आली. त्यानं काठीची पेटी उचलली, मला सलाम केला आणि चढला. पुढच्याच वर्षी त्याच्या क्लबात नवा मार्कर आला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या प्रकारानंतर या दोन तालुक्यांत मला बाराव्या टेबलाचं काम मिळालं नाही. काही निघालं की पुण्याहून साहेबी कंपनीची माणसं येत. मी खुर्च्या-कपाटांचा कारखाना काढला, तो चालला, आज मुलगा बघतो. मी उपाशी राहिलो असा कोणी समज करून घेऊ नये. पण खुर्ची कोणीही करतो.

हे सगळं मी घरातही बोललो नव्हतो. गेल्या वर्षी याच मासिकाच्या दिवाळी अंकात अण्णासाहेबांचा जिमखान्याच्या आठवणींचा लेख आला. त्यात त्यांनी त्या स्पर्धेबद्दल लिहिलं आहे की टेबल सदोष निघाल्यानं पुण्याच्या खेळाडूवर अन्याय झाला, आणि "याबाबत आम्हास आगाऊ कोणीही सावध केले नव्हते." मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

अण्णासाहेब, तुम्ही आज ऐंशीच्या पुढे आहात, मीही सत्तरीला टेकलो. तुकातात्या राहिले नाहीत आणि ज्याचं नुकसान झालं तो इमामही नाही. माझ्याकडे कागद नाही, साक्षीदार नाही. सामन्याच्या सकाळी मी गप्प बसलो आणि स्टेशनवर इमामशी खोटं बोललो, हे मी इथे माझ्या हातानं उघड लिहिलं आहे. ते लिहायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं. मी माझ्या वाट्याचं उत्तर दिलं. आता तुमच्या वाट्याचं तुम्ही द्या. मागच्या दारात उभं राहून मी तुम्हाला सावध केलं होतं की नाही? पाळी सोडायचा शब्द तुम्ही दिला होता की नाही? वकिली भाषा नको. होय किंवा नाही, एवढंच लिहा, आणि ते इमामच्या मुलांना वाचता येईल असं छापून आणा.